अफगाणिस्तानात महिला न्यायाधीश २००१ नंतरच आल्या?

"अफगाणिस्तानात बाई न्यायाधीश होणं ही २००१ नंतर बाहेरच्यांनी आणलेली गोष्ट," असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. तसं नाही. १९७० च्या दशकातच तिथे महिला न्यायाधीश काम करत होत्या. १९९६ मध्ये काबूलवर आलेल्या तालिबान राजवटीनं त्यांना घरी बसवलं. २००१ नंतर त्या परतल्या, आणि २०२१ मध्ये तालिबान पुन्हा आल्यावर त्यांना परत घरी बसावं लागलं.

पडताळायला दोन राज्यघटना शेजारी ठेवा. १९६४ च्या घटनेचं कलम २५ भेदभावाविना सर्वांना समान हक्क देतं, पण स्त्रियांचा वेगळा उल्लेख करत नाही. २००४ च्या घटनेचं (ती २०२१ पर्यंत लागू होती) कलम २२ तो स्पष्ट करतं. नुसतं दुसरंच वाचलं, तर हक्क नवा वाटणं साहजिक आहे. त्याच २००४ च्या घटनेचं कलम ११८ ही पाहा: सर्वोच्च न्यायालयासाठी किमान वय ४०, कायद्याचं किंवा इस्लामी न्यायशास्त्राचं उच्चशिक्षण अशा अटी होत्या, पुरुष असण्याची नव्हती.