गनडॉगचा जज नेमकं काय बघतो, आणि ही पद्धत आली कुठून

डॉग शोमध्ये गनडॉगची रिंग कधी बघितली असेल तर एक गोष्ट खटकली असेल. लॅब्रेडॉर, गोल्डन, कॉकर, पॉइंटर, सेटर ह्या सगळ्या जाती तयार झाल्या बंदुकीच्या सोबतीला. लपलेला पक्षी हुंगून काढायचा, झुडपातून उडवायचा, गोळी लागून पडला की न चावता उचलून मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे त्यांचं काम. आणि रिंगमध्ये ह्यातलं काहीच होत नाही. जज हात फिरवतो, दात बघतो, एकदा सरळ आणि एकदा गोल पळवायला लावतो, दोन-तीन मिनिटांत कुत्रा बाजूला, पुढचा या. मग पहिला नंबर कशावर देतो? हे कळायला दीडशेहून जास्त वर्षं मागे इंग्लंडमध्ये जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की हे भांडण तेव्हापासूनच चालू आहे, मिटलेलं नाहीच.

जून 1859, न्यूकॅसल. आज ज्याला पहिला आधुनिक डॉग शो म्हणतात तो इथे झाला, टाऊन हॉलमध्ये, आणि कुत्रे आले होते जेमतेम 60, तेसुद्धा फक्त पॉइंटर आणि सेटर. बाकी जातींना प्रवेशच नव्हता. पुढाकार घेणाऱ्यांमध्ये पेप नावाचा बंदुका बनवणारा होता, त्यामुळे बक्षीस काय तर बंदूक! म्हणजे हा सुरुवातीपासूनच शिकारी लोकांचा आपसातला मामला. जजही त्यांच्यातलेच, आणि निकाल असा लागला की पॉइंटरचं बक्षीस सेटरच्या एका जजच्या कुत्र्याला गेलं आणि सेटरचं बक्षीस पॉइंटरच्या जजच्या कुत्र्याला. अहो रूपम् अहो ध्वनी. कुणी लबाडी केली असं म्हणता येणार नाही, कारण चांगले कुत्रे ठेवणारे आणि कुत्र्यातलं कळणारे लोक तेच होते, पण डॉग शोचा निकाल आणि त्यावरची कुजबुज दोन्ही एकाच दिवशी जन्माला आले एवढं नक्की.

त्या जजमध्ये एक माणूस होता जॉन हेन्री वॉल्श. पेशाने सर्जन, पुढे 'द फील्ड' ह्या साप्ताहिकाचा संपादक, लिहायचा 'स्टोनहेंज' ह्या टोपणनावाने. बंदूक फुटून डाव्या हाताचा काही भाग गेलेला, तरी बंदुकांच्या चाचण्या घेण्याची हौस काही गेली नाही. (विम्बल्डनचा जो क्लब आहे त्याची 1868 ची स्थापनेची बैठक ह्याच साप्ताहिकाच्या ऑफिसात झाली, वॉल्शच अध्यक्ष होता, म्हणजे माणूस किती ठिकाणी होता बघा.) वॉल्शचं खरं काम म्हणजे त्याने प्रत्येक जातीचं वर्णन कागदावर आणलं आणि डोकं, मान, खांदे, पाय, शेपूट, केस अशा एकेका भागाला मार्क वाटून दिले, एकूण 100. तोवर 'चांगला पॉइंटर' म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या डोक्यात होतं आणि आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं असा कारभार होता. कागदावर आल्यावर निदान भांडायला एक मजकूर मिळाला. आज ज्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात त्याची सुरुवात इथली.

ह्यामागचा विचार साधा होता आणि तेव्हा तो बरोबरही होता. हॉलमध्ये पक्षी सोडून गोळी झाडता येत नाही, मग शरीर बघायचं आणि हे शरीर दिवसभर माळावर टिकेल का ह्याचा अंदाज बांधायचा. आपल्याकडे जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात खिल्लारचा खूर, छाती, वशिंड बघून नंबर देतात, तिथे कोणी नांगर जुंपत नाही, तसंच. फरक एवढाच की न्यूकॅसलच्या जजने ते काम आयुष्यभर रानात बघितलेलं होतं, त्यामुळे त्याच्या अंदाजाला पाया होता. पुढे जज बदलत गेले, काम न बघितलेले लोक आले, आणि अंदाज कशाचा होता हे विसरून नुसतं शरीर उरलं.

नुसत्या दिसण्यावर नंबर नको असं वाटणारे लोक तेव्हाही होतेच. 1865 मध्ये बेडफर्डशायरमधल्या साउथहिल इस्टेटवर पहिली नोंदलेली फील्ड ट्रायल, म्हणजे रानातली कामाची परीक्षा झाली, पॉइंटर-सेटरचीच, आणि तिथे मार्क होते ते नाकाला, वेगाला, पक्ष्यासमोर स्थिर उभं राहण्याला. म्हणजे पहिल्या शोनंतर अवघ्या सहा वर्षांत दोन वेगळ्या परीक्षा झाल्या, एक शरीराची आणि एक कामाची, आणि दोन्हींचे जज वेगळे होत गेले. त्याच सुमारास रेल्वेमुळे कुत्रा पेटीत घालून देशभर पाठवणं सोपं झालं, शो वाढले, 1860 पर्यंत बर्मिंगहॅमच्या शोमध्ये बिगरशिकारी जातीही आल्या. दुसरीकडे मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, हाकारे लावून पक्षी शिकाऱ्यांकडे उडवून आणायची पद्धत फोफावली, एका दिवसात शेकडो पक्षी पडायला लागले. आता पक्षी शोधून देणाऱ्या पॉइंटरपेक्षा पडलेले उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हरला भाव आला. लॅब्रेडॉर आणि गोल्डन पुढे आले ते ह्या बंदुकीच्या बदलामुळे, त्यांच्या गोड चेहऱ्यामुळे नाही!

1873 च्या एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. सेवॉलिस शर्ली हा त्याचा मुख्य माणूस, पार्लमेंटचा सदस्य, आणि स्वतः फ्लॅटकोटेड रिट्रीव्हरची जात घडवणारा, म्हणजे परत गनडॉगवालाच. क्लबने शोचे नियम केले, वंशावळीचं पुस्तक काढलं, त्यात 1859 पासूनच्या शोमधले 4027 कुत्रे 40 जातींमध्ये नोंदले. 1880 मध्ये नावनोंदणी सुरू झाली, कारण बॉब, स्पॉट, बँग, जेट, विक असल्या नावांचे इतके कुत्रे झाले होते की कोणता बँग जिंकला हेच कळेना. आज पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीत, कुत्र्याचं लांबलचक नाव असतं ना, त्याची गरज इथून निर्माण झाली.

आता नियम आणि मोजमाप आलं की माणूस मोजमापालाच कसा चिकटतो त्याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे स्पॅनियल. एकेकाळी कॉकर आणि फील्ड स्पॅनियल ह्यात फरक फक्त वजनाचा होता, 25 पौंड म्हणजे साधारण 11 किलोच्या आत असेल तर कॉकर, त्याच्यावर गेला तर फील्ड. एकाच वेताची भावंडं दोन वेगळ्या जातीत, आणि कॉकर म्हणून जिंकलेला कुत्रा वर्षभरात सुटला की दुसऱ्या जातीत! हा प्रकार 1901 मध्ये वजनाची मर्यादा काढल्यावरच थांबला. त्याच काळात फील्ड स्पॅनियलचं शोवाल्यांनी जे केलं ते वाचून वाईट वाटतं. लांब अंग आणि बुटके पाय असं फॅशन आलं, जज त्याला नंबर देत गेले, लोक अजून लांब अजून बुटके काढत गेले, शेवटी पोट जमिनीला टेकायची वेळ आली आणि काटेरी झुडपात घुसायचं ज्याचं काम तो कुत्रा साधा ओंडका ओलांडेना. जात जवळजवळ संपलीच, नंतर काही लोकांनी इंग्लिश स्प्रिंगरचं रक्त घालून सावरली. ह्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. प्रत्येक जजने मागच्या विजेत्यापेक्षा जरा जास्त लांब, जरा जास्त बुटक्याला नंबर दिला, एवढंच झालं.

ह्याविरुद्ध ओरडणाऱ्यांमध्ये विल्यम आर्कराइट होता, पॉइंटरचा मोठा जाणकार. शोमधल्या पॉइंटरमध्ये फॉक्सहाउंडसारखे (कोल्ह्याच्या शिकारीचा कुत्रा) गोल पाय आणि जड हाडं घुसवली जातायत ही त्याची तक्रार. 1899 मध्ये स्पॅनियलची पहिली फील्ड ट्रायल भरली तीही त्याच्याच सटन स्कार्सडेलच्या इस्टेटवर. इंग्लिश सेटरमध्येही हेच, एडवर्ड लॅव्हरॅकने घडवलेले वंश शोकडे गेले आणि लुएलिन ह्या दुसऱ्या ब्रीडरने त्याच रक्तात बाहेरचं मिसळून काढलेले वंश ट्रायलकडे, अमेरिकेत तर लुएलिन हे जवळपास वेगळ्या जातीचं नाव असल्यासारखं वापरतात. अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, न्यूयॉर्कचा वेस्टमिन्स्टर शो 1877 ला सुरू झाला तोही शिकारी मंडळींनीच केला, आणि त्यांच्या चिन्हावर आजही पॉइंटरच आहे, इंग्लंडहून आणलेला 'सेन्सेशन' नावाचा.

बरं, चांगला जज हाताने नेमकं काय शोधतो ते थोडं सांगतो, कारण लांबून बघताना ते कुरवाळल्यासारखं वाटतं. लॅब्रेडॉर समोर उभा आहे. जज मानेच्या खाली जिथे दोन्ही खांद्यांच्या पात्यांची टोकं जवळ येतात तिथे बोटं घालतो. तिथे जागा हवी, कारण डोकं जमिनीपर्यंत खाली घालून पक्षी उचलायचा तर पाती एकमेकांना अडता कामा नयेत. मानेला लांबी आणि ताकद, कारण तोंडात फेझंट किंवा ससा धरून भिंत ओलांडायची आहे. केस उलटे करून आत दाट मऊ थर आहे का बघतो, बर्फासारख्या पाण्यात तोच वाचवतो. शेपूट मुळाशी जाड, पाणमांजरासारखी, पोहताना सुकाणू. खालची पापणी घट्ट, नाहीतर गवताचं बी आत जाणार. तळव्याच्या गाद्या जाड. मग पळवतो तेव्हा मागचा पाय किती ढकलतो आणि पुढचा किती लांब पडतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत दमणार की नाही. स्टँडर्डमधली प्रत्येक ओळ हा रानातला एक प्रश्न आहे. पण नाक किती तीक्ष्ण, जबडा मऊ की कडक, गोळीच्या आवाजाला बिचकतो का, लांबून शिट्टी ऐकतो का, हे हाताला लागत नाही, आणि खरं तर कामाचा अर्ध्याहून जास्त भाग तोच.

दोन्ही परीक्षा पास होणाऱ्या कुत्र्याला ड्युअल चॅम्पियन म्हणतात. लॅब्रेडॉरमधला पहिला 'बँचरी बोलो', 1915 चा जन्म, आधी दुसऱ्यांनी हाताबाहेर गेलेला म्हणून सोडून दिलेला, मग लॉर्ना काउंटेस हाउ ह्या बाईंनी घेतला आणि त्याचं सोनं केलं. लॅब्रेडॉर क्लब 1916 मध्ये उभा राहिला त्यातही ह्या बाई होत्या. त्यांचाच 'ब्रॅमशॉ बॉब' 1932 आणि 1933 असा लागोपाठ दोनदा क्रफ्ट्सला, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या डॉग शोला, बेस्ट इन शो (सगळ्या जातींत पहिला) झाला आणि तोही ड्युअल चॅम्पियन! आज हे ऐकून शोवाले आणि ट्रायलवाले दोघेही उसासे टाकतात, कारण ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यानंतर असे लॅब जवळपास दिसेनासेच झाले. तिकडे कॉकरमध्ये लॉइड ह्यांच्या 'ऑफ वेअर' केनेलने 1930 ते 1950 मध्ये क्रफ्ट्स सहा वेळा मारलं आणि कॉकर घराघरात पोचला, सोफ्यावर.

नियमांनी हे दोन काठ जोडायचा प्रयत्न केला. ब्रिटनमध्ये गनडॉगला पूर्ण चॅम्पियन म्हणवून घ्यायचं तर रिंगमधल्या विजयाबरोबर कामाची काहीतरी पात्रता दाखवावी लागायची. 1958 मध्ये 'शो चॅम्पियन' हा वेगळा किताब आला, म्हणजे काम न दाखवताही चॅम्पियन, फक्त पुढे 'शो' लावायचं. माझ्या मते दुफळी खरी पक्की झाली ती इथे, कारण बहुतेकांना तेवढं पुरेसं होतं. युरोपातल्या एफसीआयने (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना 1911) जरा कडक धोरण ठेवलं, तिथे शिकारी जातींना आंतरराष्ट्रीय सौंदर्य चॅम्पियन व्हायला आजही कामाची चाचणी लागते.

मग 2008 मध्ये बीबीसीवर पेडिग्री कुत्र्यांच्या तब्येतीवर एक डॉक्युमेंटरी आली, आणि एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स दाखवणंच बंद केलं. 2012 पासून काही जातींच्या विजेत्यांना व्हेटकडे तपासायचा नियम आला, आणि पहिल्याच क्रफ्ट्सला जे सहा विजेते नापास झाले त्यात क्लंबर स्पॅनियल होता. जजने जिंकवला, व्हेटने बाहेर काढला. अजून एक गंमत, इंग्लंडमध्ये शेपूट कापायला बंदी आहे पण कामाच्या स्पॅनियलला सूट आहे, आणि 6 एप्रिल 2007 नंतर शेपूट कापलेला कुत्रा तिकीट लावलेल्या शोमध्ये उतरवता येत नाही, कामाचं प्रात्यक्षिक सोडून. म्हणजे रानात राबणाऱ्या बऱ्याच स्पॅनियलना रिंगचं दार कायद्यानेच बंद.

आपल्याकडे चेन्नईचा केनेल क्लब ऑफ इंडिया नोंदणी आणि शो बघतो, गट एफसीआयच्या पद्धतीचे, पुण्या-मुंबईच्या शोमध्ये लॅब आणि गोल्डनच्या रिंगला गर्दी असतेच. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, आणि ते योग्यच झालं, त्यामुळे आपल्याकडे गनडॉगचं मूळ काम बघितलेला जज तयार होणार तरी कुठून. परिणाम रिंगमध्ये दिसतो, फासळ्या शोधायला बोटं खुपसावी लागतील असे गुबगुबीत लॅब, आणि बघणारे म्हणतात काय भरदार आहे. तरी वाट अगदीच बंद नाही. ब्रिटनमध्ये रिट्रीव्हरच्या वर्किंग टेस्टला पक्षी मारत नाहीत, कॅनव्हासची डमी फेकतात, कुत्र्याने ती कुठे पडली ते लक्षात ठेवायचं, सांगितल्यावर जायचं, पाण्यातून किंवा गवतातून शोधून मऊ तोंडाने आणून द्यायची. एखादा तलाव, थोडं माळरान आणि चार डमी एवढ्यावर हे कुठल्याही गावाबाहेर करता येईल, कायदा आड येत नाही.