राष्ट्रीय सेवा योजनेत नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि २४० तासांचा हिशेब

प्रवेशाच्या धामधुमीत महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक छोटी सूचना लागते: ‘राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे.’ बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही. तिसऱ्या वर्षी एखाद्या अर्जात ‘रासेयो (म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना) प्रमाणपत्र आहे काय?’ असा रकाना दिसला की मग धावपळ सुरू होते. पण हे प्रमाणपत्र दोन वर्षांच्या कामाचे असल्यामुळे तोवर वेळ हातातून गेलेली असते. म्हणून ही माहिती प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच वाचावी, अशी कळकळीची विनंती आहे.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. आज ती केंद्र शासनाच्या युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत असून विद्यापीठ पातळीवर रासेयो कक्ष आणि महाविद्यालयात ‘एकक’ अशी तिची रचना आहे. वरिष्ठ महाविद्यालयातील एका एककात साधारणपणे १०० स्वयंसेवक असतात आणि प्राध्यापकांपैकीच एक जण त्याचे कार्यक्रम अधिकारी असतात. अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा असतो; त्यासाठी विद्यापीठात हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

पात्रतेची अट सोपी आहे. ज्या महाविद्यालयात एकक मंजूर आहे, तेथील नियमित विद्यार्थ्याला, तो कोणत्याही शाखेचा असो, स्वेच्छेने अर्ज करता येतो. निवडीत प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते, कारण पुढची दोन वर्षे ते महाविद्यालयात असण्याची खात्री असते. एनसीसीचे छात्र असलेल्यांना मात्र त्याच काळात रासेयोचे स्वयंसेवक होता येत नाही. दोन्हींचे अर्ज भरून ठेवणाऱ्यांनी आधीच एक काय ते ठरवावे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर कार्यक्रम अधिकारी छोटी मुलाखत घेतात. तिथे पाठ केलेली उत्तरे लागत नाहीत, रविवारी सकाळी यायची तयारी आहे का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते.

नोंदणी अर्जाचा नमुना महाविद्यालयातच मिळतो. त्याला पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती किंवा ओळखपत्राची प्रत आणि आधार कार्डाची प्रत जोडावी लागते. अर्जात रक्तगटाचा रकाना असतो, तो अंदाजाने भरू नये. रक्तदान शिबिरात आणि अपघाताच्या प्रसंगी हीच नोंद पाहिली जाते. नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे, कारण पुढे प्रमाणपत्रावर तेच छापले जाते आणि दुरुस्तीला फार वेळ जातो. याशिवाय आता केंद्र शासनाच्या ‘माय भारत’ पोर्टलवरही स्वयंसेवकांना नोंदणी करण्यास सांगितले जाते. तेथे स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा, नेट कॅफेवाल्याचा किंवा मित्राचा देऊ नये.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमीय विषयांना श्रेयांक (क्रेडिट) मिळतात आणि त्या यादीत योग, क्रीडा, एनसीसी यांच्याबरोबर रासेयोही आहे. त्यामुळे ‘मी रासेयो घेतले आहे’ या वाक्याचे आता दोन अर्थ होतात, आणि गोंधळ इथेच होतो. श्रेयांकासाठी विषय निवडणे म्हणजे एककाचा स्वयंसेवक म्हणून नोंद होणे नव्हे. श्रेयांक गुणपत्रिकेवर येतात. दोन वर्षांच्या सेवेचे प्रमाणपत्र मात्र एककाच्या यादीत नाव असेल तरच मिळते. आपले नाव नेमके कोणत्या यादीत आहे, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जाऊन डोळ्यांनी पाहून यावे. काही विद्यापीठांत रासेयोसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. तिचा लाभ कोणाला व कसा मिळतो, हे आपापल्या विद्यापीठाच्या अध्यादेशात पाहावे.

आता तासांविषयी. दरवर्षी १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास नियमित उपक्रमांत काम करणे बंधनकारक आहे. योजनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार वर्षाच्या १२० तासांपैकी २० तास उद्बोधनासाठी, ३० तास महाविद्यालयाच्या परिसरातील कामासाठी आणि उरलेले ७० तास प्रत्यक्ष समाजात, म्हणजे दत्तक (एककाने कामासाठी निवडलेल्या) गावात किंवा वस्तीत जाऊन करायच्या सेवेसाठी असतात. सर्वांत मोठा वाटा गावातल्या कामाचा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. केवळ महाविद्यालयाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडून २४० तास भरत नाहीत, आणि भरूही नयेत.

हे तास कार्य दैनंदिनीत लिहायचे असतात: तारीख, कामाचे स्वरूप, ठिकाण, तास आणि शेवटी कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही. मी या कामात असताना एक विद्यार्थिनी दोन वर्षे न चुकता येत होती. पाणवठ्याची स्वच्छता असो की मतदार नोंदणीची फेरी, ती सर्वांच्या पुढे. तिची दैनंदिनी मात्र पहिल्या सहा पानांनंतर कोरी होती. हजेरीपत्रकांवरून जेवढे जुळवता आले तेवढे जुळवले, तरी तास कमी पडले आणि प्रमाणपत्र हुकले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगत आलो की काम झाले त्याच दिवशी नोंद करा आणि त्याच आठवड्यात सही घ्या. महाविद्यालय बदलणार असाल तर सहीशिक्क्याची दैनंदिनी आणि तासांचा दाखला हातात पडल्याशिवाय जुने महाविद्यालय सोडू नका.

नियमित तासांखेरीज सात दिवसांचे एक विशेष निवासी शिबिर पूर्ण करावे लागते. ते बहुधा हिवाळ्यात, दत्तक गावी होते आणि आपल्याकडे ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणून ओळखले जाते. एका वर्षी एककातील निम्म्याच स्वयंसेवकांना शिबिराला नेता येते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असे म्हणत राहू नये. शिबिरासाठी पालकांचे लेखी संमतीपत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो. दमा, फिट येणे, औषधांची अॅलर्जी असे काही असेल तर ते लपवू नये. त्यामुळे नाव वगळले जाईल ही भीती अनाठायी आहे, अशा विद्यार्थ्यांना झेपेल असे काम दिले जाते. मुलींच्या पालकांनी सोबत कोणत्या प्राध्यापिका मुक्कामी आहेत आणि राहण्याची सोय कुठे आहे, हे जरूर विचारावे.

शिबिरात पहाटे प्रभातफेरी, न्याहारीनंतर दुपारपर्यंत श्रमदान, मग बौद्धिक सत्र आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम, असा दिवस जातो. वनराई बंधाऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे पाणी गोण्या रचून अडवण्याचे, काम असले तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंडे शिवायची आणि साखळी करून त्या ओढ्यापर्यंत पोहोचवायच्या. गोणी काठोकाठ भरली तर ती नीट बसत नाही, फटीतून पाणी निघून जाते. थोडी सैल भरली की शेजारच्या गोणीला चिकटून बसते. हे गावातली म्हातारी माणसेच मुलांना दाखवतात.

नेतृत्वाची संधी इथूनच मिळते. गटप्रमुख म्हणून चांगले काम केलेल्या स्वयंसेवकांची नावे विद्यापीठ व राज्य पातळीवरील शिबिरांसाठी पाठवली जातात. महाराष्ट्रात ‘आव्हान’ हे आपत्ती व्यवस्थापनाचे राज्यस्तरीय शिबिर आहे, तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी देशभरातील निवडक स्वयंसेवक जानेवारीत दिल्लीला जातात. त्याची निवड चाचणी कित्येक महिने आधी होते आणि तीत कवायत व सांस्कृतिक सादरीकरण पाहिले जाते. या शिबिरांना विद्यार्थ्याला परस्पर अर्ज करता येत नाही, शिफारस महाविद्यालयामार्फतच जाते.

२४० तास आणि एक शिबिर पूर्ण झाले की कार्यक्रम अधिकारी पात्र स्वयंसेवकांची यादी प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाला पाठवतात आणि तेथून प्रमाणपत्रे येतात. यादी जाण्यापूर्वी तीत आपले नाव व त्याचे स्पेलिंग तपासावे. प्रमाणपत्र आल्यावर ते कार्यालयाच्या कपाटात पडू न देता स्वतः जाऊन, नोंदवहीत सही करून घ्यावे, आणि दैनंदिनीही परत मागून घ्यावी.