‘सामान्य’ पाऊस म्हणजे नेमका किती?

२००२ च्या मोसमी हंगामात देशभरात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला. ते वर्ष देशातल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक मानलं जातं. पण आज एखाद्या जिल्ह्यात १९ टक्के कमी पाऊस पडला, तर हवामान विभागाच्या तक्त्यात त्या जिल्ह्यापुढे ‘सामान्य’ असंच लिहिलेलं दिसेल. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. देशासाठी आणि जिल्ह्यासाठी ‘सामान्य’ची पट्टी वेगवेगळी आहे.

जून ते सप्टेंबर या हंगामात देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असला, तर तो सामान्य. ९० ते ९५ टक्के म्हणजे सामान्यपेक्षा कमी आणि ९० च्या खाली गेला की तुटीचा. जिल्हा किंवा हवामान उपविभाग (हवामान विभागाने एकत्र धरलेला जिल्ह्यांचा गट) असेल तर मात्र सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर, एवढा सगळा पट्टा ‘सामान्य’ असतो. उणे २० पासून तूट सुरू होते आणि उणे ६० पासून मोठी तूट.

हा फरक मनमानी नाही. प्रदेश जितका मोठा, तितका एकीकडचा जादा पाऊस दुसरीकडची तूट भरून काढतो. त्यामुळे देशाचा आकडा फारसा हलत नाही. आकडे सरासरीच्या भोवती किती पसरलेत हे ‘प्रमाण विचलन’ सांगतं. देशाच्या हंगामी पावसाचं प्रमाण विचलन सरासरीच्या जेमतेम १० टक्के आहे, म्हणून १९ टक्के तूट हा जबरदस्त धक्का ठरतो. एका जिल्ह्यात एवढी चढउतार वरचेवर होते. तेव्हा जिल्ह्याच्या तक्त्यातला ‘सामान्य’ फक्त इतकंच सांगतो, की हा पाऊस नेहमीच्या चढउताराच्या आत आहे. पिकाला तो पुरला असं त्याचं म्हणणं नाही. ऐन ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला आणि सप्टेंबरमध्ये धो धो कोसळून बेरीज भरली, तरी हंगाम कागदावर सामान्यच राहतो.

सरासरी कोणत्या वर्षांची, हेही पाहायला हवं. १९६१ ते २०१० या काळावरून काढलेली देशाची हंगामी सरासरी ८८०.६ मिलीमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० हा काळ धरतात आणि सरासरी ८६८.६ मिलीमीटर येते. समजा, एखाद्या वर्षी ८४० मिलीमीटर पाऊस झाला. जुन्या सरासरीने तो ९५ टक्के, म्हणजे सामान्यपेक्षा कमी. नव्या सरासरीने ९७ टक्के, म्हणजे सामान्य. आभाळातून पडलं तेवढंच, शेरा मात्र बदलला. म्हणून दोन दशकांपूर्वीची टक्केवारी आजच्या टक्केवारीशेजारी ठेवू नये. तुलना मिलीमीटरची करावी.

बातम्यांमध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो विभक्तीमुळे. ‘सरासरीच्या ४० टक्के’ आणि ‘सरासरीपेक्षा ४० टक्के कमी’ यांत मोठं अंतर आहे: पहिल्यात ६० टक्के तूट, दुसऱ्यात ४०. त्यातही जुलैच्या मध्यावर ‘सरासरीच्या ४० टक्के’ असं वाचलं, तर ती सरासरी अख्ख्या हंगामाची की त्या तारखेपर्यंतची हे आधी तपासावं. हंगामाची असेल तर काळजीचं कारण नसेलही.

टक्केवारीची सरासरी काढणं ही आणखी एक चूक. सारख्या क्षेत्रफळाचे दोन तालुके घ्या. घाटमाथ्यावरच्या तालुक्याची सरासरी ३,००० मिलीमीटर आणि यंदा पाऊस ९० टक्के, म्हणजे २,७००. पर्जन्यछायेतल्या तालुक्याची सरासरी ५०० आणि पाऊस १३० टक्के, म्हणजे ६५०. दोन टक्केवाऱ्यांचा मध्य ११० येतो. खरं उत्तर ३,३५० भागिले ३,५००, म्हणजे सुमारे ९६ टक्के. आधी मिलीमीटर एकत्र करायचे, टक्के शेवटी काढायचे; क्षेत्रफळं वेगळी असतील तर त्यांचा भार द्यायचा. मध्य महाराष्ट्र हा एकच उपविभाग पाहा: त्यात महाबळेश्वर आहे आणि माण-आटपाडीही. त्याच्या एका आकड्यावरून माणदेशाबद्दल काहीच कळत नाही.

कोरडवाहू भागात तर सरासरी हा शब्दच दिशाभूल करू शकतो. कल्पित उदाहरण घेऊ. एका गावचा दहा वर्षांचा जूनचा पाऊस, चढत्या क्रमाने, मिलीमीटरमध्ये: ४२, ५५, ६१, ६८, ७४, ८०, ८८, ९७, ११५, ३२०. बेरीज १,००० आणि सरासरी १००. पण दहापैकी आठ वर्षं पाऊस १०० च्या खालीच आहे! एका ३२० ने सरासरी वर ओढली. ते वर्ष वगळलं तर ती थेट ७६ वर येते. अशा ठिकाणी मध्यक वापरावा: आकडे क्रमाने लावून मधला घ्यायचा, सम संख्या असेल तर मधल्या दोघांचा मध्य. इथे तो ७४ आणि ८० यांच्या मधला, म्हणजे ७७. पेरणीचा अंदाज बांधायला हा आकडा जास्त भरवशाचा.

आपल्या गावासाठी हे करायचं तर महसूल मंडळाच्या नोंदी घ्याव्यात आणि शक्यतो ३० वर्षांच्या. दहा वर्षांत एखादं विचित्र वर्ष सगळं बिघडवतं. नोंद नसलेला दिवस रिकामा ठेवावा, तिथे शून्य भरू नये. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही आणि ते गणितात धरलं जातं. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो आणि तो मोजणीच्या तारखेवर लिहितात. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी कोसळलेले ९४४.२ मिलीमीटर म्हणूनच २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत आहेत. त्याच नोंदीत कुलाब्याचा पाऊस ७३.४ मिलीमीटर आहे. शेजारच्या केंद्राची सरासरी उसनी घेण्याआधी हे दोन आकडे जरूर पाहावेत.