जुन्या लष्करी ट्रकांची हौशी देखभाल व दुरुस्ती

सैन्यदलाने सेवेतून काढून लिलावात विकलेला मालवाहू ट्रक खाजगी व्यक्तीने घेऊन चालता ठेवणे, किंवा मोडकळीस आलेला ट्रक पुन्हा उभा करणे, हा यंत्रांच्या हौसेचा एक प्रकार. जुन्या मोटारगाड्या जपण्याच्या छंदाशी त्याचे जवळचे नाते असले, तरी दोहोंत एक मूलभूत फरक आहे. लष्करी ट्रक एका मालकासाठी घडवलेला नसतो. चालक, तुकडीची कार्यशाळा, दुरुस्ती पथक आणि मोठे आगार अशी चढती उतरंड त्याची निगा राखणार, हे गृहीत धरून त्याची रचना होते. हौशी मालकाला या सर्व पायऱ्यांवरची कामे एकट्याने किंवा दोन-चार मित्रांना हाताशी धरून करावी लागतात आणि छंदातले बहुतेक कष्ट, तसेच बराचसा आनंदही, त्यातूनच येतो.

दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली वाहने युद्धानंतर बाजारात आली, तेथून या छंदाला कच्चा माल मिळाला. अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी, तिन्ही आसांना इंजिनाची शक्ती पोचणारा ट्रक साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनला. त्यानंतर १९५० च्या दशकापासून आलेली एम३५ ही तशाच अडीच टनी ट्रकांची मालिका आज हौशी मंडळींत सर्वाधिक परिचित आहे. रिकाम्या एम३५ चे वजन सुमारे ६ टन भरते. ‘अडीच टनी’ ही त्याची क्षमता रस्ता सोडून चालतानाची आहे. पक्क्या रस्त्यावर तो याच्या दुप्पट भार नेऊ शकतो. युरोपात ब्रिटिश बेडफर्ड, १९५५ पासून बनलेला जर्मन युनिमॉग ४०४ आणि झील-१५७, झील-१३१, गाझ-६६ हे सोव्हिएत ट्रक जपणारे आढळतात. अशा वाहनांच्या मालकांची मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन ही संस्था अमेरिकेत १९७६ साली स्थापन झाली.

नवशिक्याला सर्वांत मोठा आधार असतो तो लष्कराच्याच तांत्रिक पुस्तिकांचा. एम३५ ची पुस्तिका ‘टीएम ९-२३२०-२०९’ या क्रमांकाने ओळखली जाते. त्यापुढे १० हा अंक असल्यास ती चालकासाठी, २० असल्यास तुकडीच्या कारागिरांसाठी असते. नट किती बलाने आवळायचा, कोणत्या सांध्याला कधी ग्रीस मारायचे, हे सारे आकृत्यांसह दिलेले असल्याने पुस्तिका आधी मिळवावी आणि पाना मग हाती घ्यावा. सुट्या भागांचेही तसेच आहे. अमेरिकी लष्करी पुरवठ्यात १९७४ पासून प्रत्येक भागाला तेरा अंकी क्रमांक दिला जातो (त्याआधी तो अकरा अंकी होता) आणि कारखाना कोणताही असला तरी एकाच भागाचा क्रमांक एकच राहतो. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वी मेणकागदात गुंडाळलेला भागही नेमका शोधता येतो. मात्र बंद खोक्यातला रबरी सील वापरलेला नसला तरी जुना झालेलाच असतो, हे पुष्कळांना तो बसवून झाल्यावरच कळते.

सर्वाधिक लक्ष ब्रेककडे द्यावे लागते. एम३५ मध्ये पेडल दाबल्यावर द्रवाचा दाब तयार होतो आणि दाबलेल्या हवेवर चालणारे उपकरण तो वाढवून चाकांकडे पाठवते. मूळ रचनेत सगळ्या चाकांसाठी द्रवाचा मार्ग एकच असतो. एका चाकाचा सिलिंडर किंवा एक नळी फुटली, तर पेडल थेट तळाला जाते आणि चालकाच्या हाती फक्त हातब्रेक उरतो. हा हातब्रेकही चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या (इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या आसांत वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवरील ड्रमवर काम करतो. म्हणून काही मालक मास्टर सिलिंडर (पेडलने द्रवाचा दाब तयार करणारा मुख्य सिलिंडर) बदलून पुढचा व मागचा मार्ग वेगळा करतात. वाहन जसेच्या तसे राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे खपत नाही. पण ट्रक आजच्या रहदारीत चालवायचा असेल, तर हा बदल करणाऱ्यांचीच बाजू बळकट वाटते. ब्रेक ऑइलबाबतही सावध राहावे लागते. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकोनयुक्त ब्रेक ऑइल स्वीकारले आणि नेहमीचे ग्लायकोलयुक्त ऑइल त्यात मिसळत नाही. एकातून दुसऱ्याकडे जायचे तर सबंध मार्ग रिकामा करून धुवावा लागतो.

मागच्या चाकाचा ब्रेक उघडणे हे या छंदातले खरे अंगमेहनतीचे काम आहे. चाकांना गुटके लावून, आस भक्कम लोखंडी घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) टेकवून आधी बाहेरचे व मग आतले चाक काढतात, नंतर आसदांडा ओढून घेतात, बेअरिंगचे नट सोडवतात आणि हब (चाकाचा मध्यभाग) व ड्रम एकत्रच बाहेर खेचतात. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसणारा माणूस पान्याला लांब नळी जोडून नट सोडवण्याऐवजी अधिकच आवळतो आणि अखेर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तोडून बसतो. आत पुष्कळदा एकच दृश्य दिसते : ऑइल सील गेलेले असते, डिफरन्शिअलचे (आसाच्या मधल्या गिअरपेटीचे) तेल ब्रेक-शूवर (ड्रमवर आतून दाबल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर) उतरलेले असते आणि त्यात धूळ बसून काळा चिकट थर जमलेला असतो. सील न बदलता नुसते शू बदलले, तर तेल पुन्हा त्यांच्यावर उतरते.

एम३५ए२ मधील ७.८ लिटरचे बहुइंधनी इंजिन डिझेलवर, रॉकेलवर, विमानाच्या इंधनावर आणि गरज पडल्यास पेट्रोलवरही चालते. जर्मनीतील मान कंपनीच्या ज्वलनपद्धतीवर ते आधारलेले आहे. इंधनाच्या घनतेनुसार त्याचे प्रमाण बदलणारे एक उपकरण पंपाला जोडलेले असते; ते गळू लागले की अनेक मालक त्याला वळसा घालणारी नळी बसवतात. जुने इंजिन ऑइल गाळून डिझेलमध्ये मिसळण्याची प्रथाही आहे, परंतु त्यातले पाणी आणि बारीक कण नीट काढले नाहीत तर वाचलेले पैसे नोझल व पंपाच्या दुरुस्तीत जातात.

विद्युत् यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून केलेली असते. रेडिओसाठी त्यांतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले, तर एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भारित होऊन खराब होते. वायरिंग मात्र उकलायला सोपे : प्रत्येक तारेवर क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते.

काही धोके नजरेत भरत नाहीत. रिमवरची लॉक रिंग (टायर जागेवर धरणारे लोखंडी कडे) नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती जीवघेण्या वेगाने उडते. म्हणून टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरतात. जुन्या ब्रेक-शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, लष्करी रंगाच्या थरांत क्रोमियमची विषारी संयुगे असू शकतात आणि महायुद्धकाळातील मापकांच्या अंधारात चकाकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. त्यामुळे खरवडण्यापूर्वी योग्य मुखवटा घालतात आणि तबकडी उघडण्याचे टाळतात.

उभा ठेवलेला ट्रक चालत्या ट्रकापेक्षा लवकर बिघडतो. नुसते इंजिन सुरू करून काही मिनिटांत बंद केल्यास त्यात पाण्याचा अंश साठतो आणि आसांतले तेल हलतसुद्धा नाही. म्हणून गिअरबॉक्स व डिफरन्शिअल हाताला गरम लागेपर्यंत ट्रक रस्त्यावर फिरवून आणतात आणि परतल्यावर ब्रेकसाठी दाबलेली हवा साठवणाऱ्या टाक्यांचे नळ उघडून साचलेले पाणी काढतात.