हर्क्युलिस (वाफेची सागरी टगबोट)

हर्क्युलिस ही 1907 साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला जॉन एच. डायलॉग अँड सन यांच्या गोदीत बांधलेली पोलादी टगबोट, म्हणजे दुसरी जहाजं दोराने ओढून नेणारी बोट. लांबी साधारण 46 मीटर, रुंदी 8 मीटरच्या आसपास. मालक सॅन फ्रान्सिस्कोची शिपओनर्स अँड मर्चंट्स टगबोट कंपनी. या कंपनीच्या बोटींची धुराडी लाल रंगवलेली असायची म्हणून सगळा ताफाच 'रेड स्टॅक' या नावाने ओळखला जायचा. सुरुवातीच्या काळातल्या सागरी टगबोटी कशा राबायच्या हे कळायला हिच्याइतकी चांगली बोट क्वचितच सापडेल, कारण मूळचं वाफेचं इंजिन अजून तिच्या पोटात आहे.

वाफेच्या टगचा उगम कुठून धरायचा यावर जुन्या संदर्भग्रंथांत एकमत नाही. काहीजण थेट 1736 पर्यंत मागे जातात, त्या वर्षी जोनाथन हल्स या इंग्रजाने वाफेच्या यंत्राने जहाज ओढायचं पेटंट घेतलं होतं. पण त्याच्या बोटीने खरंच काही ओढलं याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे कल्पनेचं श्रेय त्याला द्यावं आणि तिथेच थांबावं हे बरं. विल्यम सिमिंग्टनच्या शार्लट डंडसचा दावा जास्त पक्का. स्कॉटलंडच्या फोर्थ-क्लाइड कालव्यात समोरून जोराचा वारा असताना तिने प्रत्येकी 70 टनांचे दोन पडाव 30 किमीच्या आसपास ओढत नेले. या चाचणीचं साल जुनी पुस्तकं 1802 देतात, वेळ 6 तास; नंतरच्या अभ्यासकांनी मार्च 1803 आणि सव्वानऊ तास असं मांडलंय, आणि दोन जड पडाव मागे घेऊन उलट्या वाऱ्यात जायचं म्हटल्यावर हाच आकडा जास्त पटतो. कालव्याच्या मालकांना मात्र लाटांनी काठ ढासळतील अशी भीती वाटली आणि बोट बाजूला पडली.

कालव्यातली टग आणि समुद्रातली टग यात मात्र बराच फरक. सागरी टग कोणती हे काही लेखक लांबीवरून ठरवतात, काही इंजिनाच्या ताकदीवरून. पण खरी अडचण इंधनाची होती, म्हणून ती कसोटी जास्त बरोबर वाटते. बोट लहान, त्यात इंजिन आणि बॉयलरने अर्धीअधिक जागा खाल्लेली, मग आठवडेच्या आठवडे पुरेल एवढं इंधन ठेवणार कुठे? चाकाच्या, म्हणजे बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे लोटत जाणाऱ्या टगबोटींनीही लांबचे पल्ले मारले होते, हे खरं. इजिप्तहून लंडनला निघालेला क्लिओपात्राचा स्तंभ (लोखंडी नळकांड्यात घालून तरंगता केलेला प्राचीन दगडी खांब) ऑक्टोबर 1877 मध्ये बिस्केच्या उपसागरात वादळात सोडून द्यावा लागला, सहा खलाशी गेले, आणि नंतर स्पेनच्या फेरोल बंदरातून तो जानेवारी 1878 मध्ये टेम्सपर्यंत ओढून आणला तो अँग्लिया या तीन धुराड्यांच्या टगबोटीने. तरी अशा बोटी कोळसा फार खायच्या. तीच वाफ लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तीन सिलिंडरांतून एकामागून एक फिरवायची, मग थंड करून तिचं पाणी परत बॉयलरला द्यायचं, हे ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन 1881 च्या अबर्डीन जहाजानंतर पसरलं. सागरी टगचा खरा काळ तिथून धरावा.

हर्क्युलिसचं इंजिनही याच जातीचं, तरी पहिल्याच सफरीत इंधनाचा प्रश्न आला. पनामा कालवा उघडला तोच 1914 ला, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोला जायचं म्हणजे दक्षिण अमेरिकेला वळसा घालून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून. तिने आपली जुळी बहीण गोलाया हिला दोराने मागे बांधून नेलं आणि इंधनाचा साठा त्या मागच्या बोटीत ठेवला!

पुढचं काम वाऱ्याच्या दिशेवर बेतलेलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक वेळ वायव्येचा वारा, शिडाच्या जहाजांना उत्तरेला जाणं जिकिरीचं, म्हणून टग त्यांना ओढत वर न्यायची आणि परत येताना लाकडाचे प्रचंड तराफे घेऊन खाली यायची. हे तराफे म्हणजे साखळ्यांनी आवळलेले, दोन्ही टोकांना निमुळते ओंडक्यांचे भारे, एकेकात लाखो फूट लाकूड, आणि वेग माणसाच्या चालण्याहून फार जास्त नाही. याशिवाय हवाईपर्यंत मालाचे बार्ज (सपाट तळाचे पडाव), आणि पनामा कालव्याच्या बांधकामासाठी एक मोठा तरंगता पोलादी दरवाजा हिनेच ओढत नेला.

सगळा जीव दोरात. दोर लांब सोडून पाण्यात त्याचा झोळ पडू द्यायचा, मग लाटेचा हिसका तो झोळ गिळतो. आणि लांबी अशी जुळवायची की टग आणि मागचं जहाज एकाच वेळी लाटेवर चढतील, नाहीतर एक चढतंय आणि एक उतरतंय अशात दोर तुटतो. दोर बांधायची जागा अगदी मागच्या टोकाला ठेवत नाहीत, मधल्या भागाजवळ ठेवतात, नाहीतर टगला वळताच येत नाही. पण त्यामुळेच मागचं जहाज भलतीकडे गेलं आणि दोर आडवा ताणला गेला तर टग कुशीवर पडून उलटते, आणि तेव्हा दोर सोडायला काही क्षणच मिळतात. मागचा डेक पाण्याच्या अगदी जवळ, खराब हवेत लाटा सरळ वरून जायच्या.

खाली इंजिनरूममध्ये तेलवाल्याचं काम तर बघण्यासारखं. बेअरिंग तापलंय का हे कळायला तो फिरत्या क्रँकच्या तालात हात आत घालून क्षणभर स्पर्श करायचा आणि लगेच काढायचा, तेही डोलणाऱ्या बोटीत, गरम तेलाच्या आणि वाफेच्या वासात. पाळी संपेपर्यंत हेच. वरून कॅप्टनचा हुकूम टेलिग्राफच्या, म्हणजे इंजिनरूमला हुकूम कळवायच्या यंत्राच्या, घंटीने यायचा, खाली कुणाला समुद्र दिसायचाच नाही.

1920 च्या दशकात वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेने ती घेतली आणि खोल समुद्र सुटला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात रेल्वेचे डबे लादलेले बार्ज इकडून तिकडे. डिझेल टगबोटी आल्या, रेल्वेचा धंदा आटला, 1962 ला काम थांबलं. भंगारात जाता जाता वाचली; 1975 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट पार्क फाउंडेशनने घेतली, 1977 पासून अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, 1986 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा. सॅन फ्रान्सिस्कोच्या याच सागरी संग्रहात 1914 ची एपल्टन हॉल ही इंग्लंडमध्ये बांधलेली चाकाची टगबोटही आहे, त्यामुळे चाक आणि पंखा (पाण्याखाली फिरणारा प्रॉपेलर, हर्क्युलिसला आहे तसा) या दोन्ही जाती एकाच ठिकाणी ताडून बघता येतात.