एक नाव, दोन दारं: कूपर्सटाउनचा हॉल ऑफ फेम आणि क्लीव्हलँडचा

बॉब युकर बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात, आहे का? बेसबॉल बघणाऱ्या चौघांना विचारा. तिघं "म्हणजे काय, आहेच" म्हणतील आणि चौथा बाह्या सरसावून बसेल. बरोबर चौथाच असतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही.

युकर कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. मोठ्या लीगमध्ये सहा हंगाम खेळला, फलंदाजीची सरासरी .२००, सगळे मिळून होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) १४. .२०० म्हणजे दहा प्रयत्नांत दोन हिट, म्हणजे यशस्वी फटके. एवढ्यावर संघात जागा टिकवणंही कठीण. पण १९७१ पासून तो मिलवॉकी शहराच्या ब्रूअर्स संघाचा रेडिओवरचा आवाज, म्हणजे समालोचक, झाला आणि २०२४ चा हंगाम संपेपर्यंत तोच आवाज राहिला. स्वतःच्या खेळाची टिंगल करत करत त्याने शहराच्या तीन पिढ्या हसवल्या. २००३ साली त्याला फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार मिळाला. समालोचकांसाठीचा हा पुरस्कार बेसबॉलचा हॉल ऑफ फेमच देतो आणि सोहळाही कूपर्सटाउनलाच होतो. म्हणून लोक बिनधास्त म्हणतात, "हॉल ऑफ फेमर बॉब युकर". वर्तमानपत्रंही तसंच छापतात. प्रत्यक्षात पुरस्कार मिळालेला समालोचक सभासद होत नाही. सभासदांच्या कांस्य पाट्यांचं दालन वेगळं आहे, आणि तिथे युकर नाही. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा पुरस्कार आहे, ते माजी बेसबॉल आयुक्त फोर्ड फ्रिक मात्र १९७० पासून त्या दालनात आहेत.

हा घोळ तसा छोटा. त्याहून मोठा घोळ होतो तो "हॉल ऑफ फेम" हे नाव दोन वेगवेगळ्या घरांना लावल्यामुळे. एक कूपर्सटाउनचं, बेसबॉलचं. दुसरं क्लीव्हलँडचं, रॉकचं. अमेरिकेत ज्याला बेसबॉलचं वेड, त्याला बरेचदा सत्तरच्या दशकातल्या रॉकचंही असतं. तीच माणसं, तोच बिअरचा टेबल, आणि तक्रारही तीच: "आमच्या माणसाला अजून बाहेर का ठेवलंय?" ऐकायला दोन्ही भांडणं जुळी वाटतात. ती जुळी नाहीत.

कूपर्सटाउन हे न्यू यॉर्क राज्यातलं छोटंसं गाव. संग्रहालय १९३९ मध्ये उघडलं, पण पहिली निवडणूक त्याआधी, १९३६ मध्येच झाली होती: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन. कॉबला २२६ पैकी २२२ मतं पडली, रूथला २१५. म्हणजे अकरा लोकांना बेब रूथसुद्धा नको होता. तिथलं भांडण पहिल्या दिवसापासून आकड्यांत लिहिलेलं आहे.

मत देतात ते बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार, आणि तेही ज्यांना संघटनेत दहा वर्षं झाली आहेत तेच. खेळाडूने किमान दहा हंगाम खेळलेलं असावं, निवृत्तीला पाच वर्षं उलटलेली असावीत. मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. ७५ टक्के मिळाले तर आत, पाच टक्क्यांच्या खाली गेलं तर नाव कायमचं उडालं, मधे राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. अशी दहा वर्षं. आणि निकाल जाहीर होतो तो शेवटच्या मतापर्यंत. २०२० साली न्यू यॉर्कच्या डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ मतं मिळाली, तेव्हा तो एक शहाणा कोण, याचा शोध न्यू यॉर्ककरांनी कितीतरी दिवस घेतला. सापडला नाही.

क्लीव्हलँडला असं काही होऊच शकत नाही, कारण कुणाला किती मतं पडली हे तिथे सांगतच नाहीत.

रॉकच्या हॉल ऑफ फेमची संस्था १९८३ ची. ॲटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्तेगुन हे तिचे मुख्य सूत्रधार, आणि सोबत रोलिंग स्टोन मासिकाचा यान वेनर. पहिली तुकडी १९८६ ची, त्यात चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली, रे चार्ल्स, जेम्स ब्राउन, बडी हॉली. सरोवराकाठची आय. एम. पे यांची काचेची इमारत उघडली १९९५ मध्ये. अट एकच, पहिलं रेकॉर्ड बाजारात येऊन २५ वर्षं झालेली असावीत. मग एक समिती नावं काढते आणि हजाराहून जास्त मतदार मत देतात: संगीतकार, इतिहासकार, व्यवसायातले लोक, आधी आत गेलेले कलाकार. किती हिट गाणी हवीत, किती विक्री हवी, काही सांगितलेलं नाही.

तर मला वाटतं, खरा फरक इथे आहे. बेसबॉलमध्ये माणसाने काय केलं यावर कुणाचं दुमत नसतं, आणि ते मोजायचं का यावर भांडण असतं. रॉकमध्ये माणसाने नक्की काय केलं, ते रॉक आहे की नाही, इथपासूनच भांडण सुरू होतं.

पीट रोझचं बघा. ४,२५६ हिट, इतिहासात सर्वांत जास्त. हा आकडा त्याचा शत्रूही नाकारत नाही. पण तो बेसबॉलवर सट्टा लावत असे, त्यात स्वतःच्या संघाचे सामनेही आले. १९८९ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली, आणि १९९१ मध्ये हॉल ऑफ फेमने नियमच केला की बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवर येणार नाही. पत्रकारांना त्याच्यावर मत द्यायची संधीच मिळाली नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, आणि २०२५ च्या मे महिन्यात आयुक्तांनी ठरवलं की मृत्यूनंतर बंदी संपते. आता जुन्या खेळाडूंच्या समितीपुढे त्याचं नाव येऊ शकतं. बॅरी बाँड्सचं दुखणं दुसरं. ७६२ होम रन, तोही विक्रमच. त्याच्यावर बंदी कधीच नव्हती, होता तो स्टेरॉइड्सचा संशय. दहा वर्षं तो मतपत्रिकेवर राहिला आणि २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर थांबला. मतदानाच्या नियमात खेळाबरोबर सचोटी आणि चारित्र्य हेही शब्द आहेत. बाँड्सचे विरोधक त्या दोन शब्दांवर बोट ठेवतात, समर्थक ७६२ वर.

चारित्र्याची ही अट क्लीव्हलँडला लावली तर पहिल्याच तुकडीतले किती उरतील, कल्पना करा.

पण बेसबॉल म्हणजे निव्वळ गणित, असंही समजू नका. इथे मला बिली वॅग्नर आठवतो. वॅग्नर क्लोजर होता, म्हणजे सामना जवळपास जिंकलेला असताना शेवटच्या डावात येऊन दार लावून घेणारा पिचर. असे राखलेले सामने, म्हणजे सेव्ह, त्याने ४२२ केले. २०१६ मध्ये पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला तेव्हा त्याला साडेदहा टक्के मिळाले. २०२५ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, साडेब्याऐंशी. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकलेला नाही! आकडे तेच होते, आकड्यांकडे बघणाऱ्यांची नजर बदलली. तेव्हा आवडनिवड कूपर्सटाउनलाही आहे, फक्त तिला टक्केवारीचा कोट घालून बसवलेलं असतं.

आणि या वॅग्नरपाशीच दोन्ही घरं एकमेकांना धडकतात. क्लोजर मैदानात येताना त्याचं गाणं वाजतं. न्यू यॉर्कच्या यांकीज संघाच्या मारियानो रिव्हेराचं गाणं होतं मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन'. सॅन डिएगोच्या ट्रेव्हर हॉफमनचं एसी/डीसीचं 'हेल्स बेल्स'. रिव्हेराचे सेव्ह ६५२, हॉफमनचे ६०१. त्यामुळे कोण मोठा क्लोजर, या वादाला कुठला बँड मोठा, हा वाद आपोआप चिकटला. २००६ साली वॅग्नर न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या संघात, मेट्समध्ये, आला, आणि त्याचंही गाणं 'एंटर सँडमन'च! तो ते आधीपासून वापरत होता, पण यांकीजच्या चाहत्यांच्या लेखी ही चोरी होती. मेट्सवाले म्हणाले, गाणं काय तुमच्या बापाचं आहे? शहरातल्या वर्तमानपत्रांनी यावर रकाने भरले. शेवटी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रिव्हेराच्या निरोपाच्या दिवशी मेटॅलिकाने स्वतः यांकी स्टेडियममध्ये येऊन ते गाणं वाजवलं. माझ्या मते खटला तिथे निकाली निघाला. मेट्सचा चाहता मात्र अजून अपिलात आहे.

आता ही मंडळी आपापल्या घरी पोचली आहेत. एसी/डीसी २००३ मध्ये, मेटॅलिका २००९ मध्ये, हॉफमन २०१८ मध्ये, वॅग्नर २०२५ मध्ये. रिव्हेरा २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं घेऊन गेला. पत्रकारांच्या मतदानात सगळीच्या सगळी मतं मिळवणारा तो पहिला.

क्लीव्हलँडच्या तक्रारी ऐकायला जास्त मजा येते, कारण तिथे पुरावा म्हणून मांडायला काही नसतं आणि म्हणून आवाज मोठा असतो. रश या बँडचे चाहते पंधरा वर्षं धुमसत होते. १९९८ पासून पात्र असलेला बँड २०१३ ला आत गेला, आणि त्याचा गिटारवादक ॲलेक्स लाइफसनने भाषणात "ब्ला ब्ला ब्ला" एवढंच म्हणत, हातवारे करत बँडची सगळी कहाणी सांगून टाकली. त्या संस्थेबद्दल इतकं नेमकं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. किसला २०१४ पर्यंत थांबावं लागलं, डीप पर्पलला २०१६ पर्यंत. यामागे वेनरच्या मासिकाची चव आहे, असं या बँडांचे चाहते वर्षानुवर्षं म्हणत आले. २०२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि स्त्री कलाकारांबद्दलच्या एका मुलाखतीवरून वेनरला संस्थेच्या संचालक मंडळावरूनच काढलं गेलं. दुसरीकडे रॅपर जे-झी किंवा कंट्री गायिका डॉली पार्टन आत गेल्यावर "हे कसलं रॉक?" अशी ओरड होते. ओरडणारे विसरतात की सोल गाणारा रे चार्ल्स पहिल्या तुकडीत होता. पार्टनबाईंनी आधी स्वतःच नाव मागे घ्यायचा प्रयत्न केला, नंतर २०२२ मध्ये मान स्वीकारला. सेक्स पिस्टल्स २००६ मध्ये फिरकलेच नाहीत.

बीटल्स की स्टोन्स, हे रॉकमधलं सर्वांत जुनं भांडण. क्लीव्हलँडच्या यादीत त्याचं उत्तर एका वर्षाच्या फरकाने लागलं: बीटल्स १९८८, स्टोन्स १९८९. पण १९८८ च्या त्या रात्री बीटल्सच्या स्वागताचं भाषण केलं ते मिक जॅगरने, आणि व्यवहाराच्या भांडणापायी गैरहजर राहिला तो पॉल मॅकार्टनी. चाहते हमरीतुमरीवर आणि मंडळी अशी.

चाहत्यांना मत आहे का? बेसबॉलमध्ये नाही, आणि तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. रॉकमध्ये २०१२ पासून आहे, पण कसं? लाखो लोक मत देतात, त्यातून पहिल्या काही नावांची मिळून एक मतपत्रिका तयार होते. हजारभर मतपत्रिकांत ती एक. २०२० मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतदानात दहा लाखांहून जास्त मतं घेऊन पहिला आला आणि त्या वर्षी बाहेरच राहिला. आत जायला २०२४ उजाडलं. २०२५ मध्ये फिश या बँडच्या बाबतीत तेच. मला यापेक्षा कूपर्सटाउनचा उर्मटपणा परवडतो.

आणखी एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. बेसबॉल संघाचा खेळ असूनही पाटी लागते एकट्याची. रॉकमध्ये अख्खा बँड जातो, म्हणून एक माणूस पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. एरिक क्लॅप्टन तीनदा गेला आहे: यार्डबर्ड्सबरोबर, क्रीमबरोबर आणि एकटा. उलट बाजूने, बँडमधले कोण सभासद आणि कोण नाही हेही संस्थाच ठरवते. किसच्या फक्त मूळ चौघांना घेतलं आणि त्या रात्री किस वाजलाच नाही. क्वीन २००१ मध्ये गेला, तो चौघांसह. पाचगणीच्या शाळेत पहिला बँड काढणाऱ्या फारुख बुलसाराला, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीला, जाऊन तेव्हा नऊ वर्षं उलटली होती.

मग समालोचक कुठे बसतो? पत्ता कूपर्सटाउनचा, पण त्याची पारख होते क्लीव्हलँडच्या पद्धतीने. त्याला सरासरी नाही, सेव्ह नाहीत. आहे तो आवाज, आणि ऐकणाऱ्याचं बालपण. विन स्कली १९५० ते २०१६ अशी ६७ हंगाम डॉजर्स संघाचा आवाज होता; लॉस एंजेलिसमध्ये लोक मैदानात बसूनही कानाला ट्रान्झिस्टर लावत. त्याला १९८२ मध्ये फ्रिक पुरस्कार मिळाला, यावर कुणाचं दुमत नाही. पण शिकागोच्या हॅरी केरीचं नाव काढा. तिथल्या कब्ज संघाचा चाहता गहिवरतो, आणि सेंट लुइसमध्ये कुणीतरी सांगतं की तो आधी पंचवीस वर्षं आमचा होता. फ्रिक पुरस्कार ठरवणारी समितीही पूर्वीच्या विजेत्यांची आणि इतिहासकारांची, म्हणजे जवळपास रॉकसारखीच: आधी आत गेलेले पुढच्यांना बोलावतात. २०२५ चा मानकरी होता टॉम हॅमिल्टन, आणि तो १९९० पासून ज्या शहराच्या संघाचं समालोचन करतोय ते शहर क्लीव्हलँड.

युकर २०२५ च्या जानेवारीत गेला. कूपर्सटाउनच्या दालनात त्याची कांस्य पाटी नाही, पण मिलवॉकीच्या स्टेडियमवर त्याचे दोन कांस्य पुतळे आहेत. एक बाहेर, रुबाबात. दुसरा आत, सगळ्यात वरच्या सज्जातल्या शेवटच्या रांगेत, अशा खुर्चीवर की समोर खांब येतो आणि मैदान धड दिसत नाही. शेजारची खुर्ची मोकळी आहे, लोक तिथे बसून फोटो काढतात.