लॅपटॉप नाही म्हणून कोडिंग थांबत नाही

‘लॅपटॉप आणि फाडफाड इंग्रजी नसेल तर कोडिंगच्या वाटेला जाऊ नये’ हा समज गावोगाव पोरांना मागे खेचतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची सुरुवात साध्या अँड्रॉइड फोनवर होते: पायड्रॉइड अॅप टाकलं की इंटरनेटशिवायही प्रोग्राम चालतो. ओटीजी जोडणी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) आणि साधा यूएसबी कीबोर्ड असला तर बोटं वाचतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक धडे मराठीत, फुकट आहेत.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि पायथनला मोठ्या अक्षराचं ‘प्रिंट’ (print ऐवजी Print) ओळखता येत नाही. वळणदार अवतरणचिन्हं किंवा कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी १२ दिसला की सिंटॅक्स एरर, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांतली चूक, ठरलेली. म्हणून ऑटो-कॅपिटल आधी बंद करा.

मार्गदर्शकाला ‘सर, चालत नाही’ एवढंच कळवून काय उपयोग? पूर्ण कोड, एररचा मजकूर (फोटो नको, कॉपी करून) आणि काय करून पाहिलं, हे तिन्ही पाठवा.

अँड्रॉइड अॅप बनवायच्या ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ या सॉफ्टवेअरला मात्र संगणकच लागतो, तोही किमान ८ जीबी रॅमचा.